डाव्या पायाची १४ वर्षांची पोरगी, कुठंही टाकली तरी खेळतीय. नक्की पोझिशन कुठली द्यावी?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी. मी सांगलीत नोकरी सांभाळून संध्याकाळी पोरापोरींना फुटबॉल शिकवतो. आमच्याकडं एक पोरगी आहे, आठवी संपून नववीत गेली, १४ वर्षांची, डाव्या पायाची. इतकी वर्षं ग्राउंडवर पोरं बघतोय पण असं टॅलेंट आमच्याकडं आलेलं नाही, हे मी कौतुक म्हणून नाही तर काळजी म्हणून लिहितोय, कारण आता तिचं काय करायचं यावर आमच्यात एकमत होत नाहीये.

शाळेतले सर तिला फॉरवर्ड खेळवतात. माझ्यासोबत शिकवणारा मित्र म्हणतो डावा पाय आहे तर डावी विंग, म्हणजे पुढं डाव्या लाइनीजवळ, विषय संपला. मला सारखं वाटतं की ती मधली आहे, हाफला, म्हणजे बचाव आणि फॉरवर्डच्या मधी. आणि तिला विचारलं तर "सर कुठं पण चालतंय" एवढंच.

अडचण अशी की जिल्ह्यातल्या मुलींच्या मॅचला ती कुठंही खेळली तरी चमकते. स्टॉपरला, म्हणजे गोलीच्या पुढं बचावाला ठेवली तरी बॉल घेऊन पार पुढं जाते आणि गोल मारून येते. त्यामुळं शाळेतले सर म्हणतात बघा मी सांगत होतो, मित्र म्हणतो बघा मी सांगत होतो.

परवा मिरजेत पोरांच्या टीमबरोबर फ्रेंडली झाली त्यातलं एक सांगतो. आमच्या गोलीनं बॉल हातानं टाकला, ही सेंटर लाइनच्या जरा मागं, बॉल अजून वाटेतच होता तेवढ्यात हिची मान एकदा उजव्या खांद्यावरून आणि एकदा डाव्या खांद्यावरून मागं फिरली. मागनं येणारा पोरगा हिच्यापेक्षा वीतभर उंच. हिनं बॉल थांबवलाच नाही, डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूनं नुस्ती दिशा दिली आणि त्याच झटक्यात वळून निघाली, तो पोरगा जिथं होता तिथंच राहिला. हे तिला मी शिकवलेलं नाही. कुणीच शिकवलेलं नाही.

पण त्याच मॅचमध्ये सेकंड हाफला विंगवर टाकली तर गायब. लाइनीला चिकटून उभी, पाठ लाइनीला, समोर दोन पोरं, दोनदा बॉल गेला आणि मग बॉल मागायचीच बंद झाली.

पावसाळ्यात शालेय स्पर्धा सुरू होतील. जिल्हा पार केला तर विभागाला कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सगळे येणार आणि कोल्हापूरच्या मुली काय तयारीच्या असतात हे सांगायला नको. त्याआधी काहीतरी ठरवायला पाहिजे. जाणकारांनी सांगा.

शाहू_स्टेडियम_गॅलरी

भावा मी कोल्हापूरचा, लहानपणापासून शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस अशा इथल्या सगळ्या क्लबांच्या मॅची बघितल्यात. स्पष्ट सांगतो, फॉरवर्ड खेळव. कारण साधं हाय. निवड चाचणीला सिलेक्टर पन्नास साठ पोरी बघतोय, प्रत्येकीला वीस मिनिटं पण मिळत नाहीत, त्यात मधी खेळणाऱ्या पोरीनं खांद्यावरनं मागं बघितलं का नाही हे कोण बघणार? गोल मारला की नाव लिहून घेतात. मधल्या पोरीला चांगलं दिसायला आजूबाजूच्या चार जणी तरी बऱ्या लागतात, चाचणीत कोण कुणाला ओळखत नसतंय, जी ती आपापला बॉल घेऊन पळत्या.

आणि फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीचं बघ की. मोनॅको आणि युव्हेंटस क्लबला विंगवर खेळायचा, १९९९ ला आर्सेनलला आल्यावर कोच वेंगरनं मधी फॉरवर्डला आणला, पुढं आर्सेनलसाठी २२८ गोल. टॅलेंट असलेल्याला गोलाच्या जवळ ठेवायचं, एवढं सोपं गणित हाय.

पीटी_सर_कराड

कृष्णाकाठ सर, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं कारण तुम्ही मान फिरवण्याचं लिहिलंय, बहुतेक जण तिथपर्यंत पोचतच नाहीत, गोल किती आणि पळते किती यावरच थांबतात. मी शाळेत पीटी शिकवतो, कराडला, मुलामुलींच्या टीमा नेतो, त्या अनुभवावरनं लिहितो. जरा लांबेल.

पहिली गोष्ट, जिल्ह्याच्या मुलींच्या मॅचवरनं पोझिशन ठरवूच नका. आपल्या भागात मुलींच्या टीमा मोजक्या, त्यातल्या निम्म्या खोखो कबड्डीच्या मुली आठवडाभर आधी गोळा करून केलेल्या. त्या मुलींचा मला आदर आहे, पण त्यांच्यासमोर तुमची पोरगी गोलीला उभी केली तरी हिरो ठरेल. जिथं ती सगळ्यांपेक्षा वरचढ आहे तिथं तिची पोझिशन कळत नाही, जिथं तिला जड जातंय तिथंच कळते. मिरजेच्या पोरांच्या मॅचमध्ये एका तासात तुम्हाला जे दिसलं ते जिल्ह्याच्या अख्ख्या स्पर्धेत दिसणार नाही. मधी असताना वीतभर उंच पोरगा मागं असूनही ती वळली, आणि लाइनीला गेल्यावर बॉल मागणं बंद केलं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलंय.

दुसरी गोष्ट, बॉल पायात असताना खेळाडू बघायची सगळ्यांनाच सवय असते. बॉल नसताना बघा. एक मॅच असं करा की फक्त तिच्यावरच नजर ठेवायची, बॉल कुठंही असूदे. बॉल आपल्या गोलीकडं असताना ती कुठं जाते? आपोआप खाली येऊन मागते का पुढं पळून जागा काढते? समोरच्यांकडं बॉल गेला की पहिली दोन पावलं कुठं पडतात? फॉरवर्डच्या रक्तात असलेली पोरगी बचाववाल्यांच्या मागच्या मोकळ्या जागेकडं बघत असते, मधल्या खेळाडूचा जीव बॉलच्या आसपास घुटमळतो. ही ओढ शिकवून येत नाही, उलट ती मोडायला मात्र आपण शिक्षक लोक पटाईत असतो.

नॉर्वेचे संशोधक गाइर यॉर्डेट यांनी नेमका याच मान फिरवण्याचा अभ्यास केलाय. मोठ्या मोठ्या मिडफिल्डरवर, म्हणजे मधल्या खेळाडूंवर, कॅमेरा लावून पास यायच्या आधीच्या दहा सेकंदांत ते कितीदा इकडंतिकडं बघतात ते मोजलं. झावी आणि लॅम्पार्ड त्यात एकदम वर होते. जे जास्त बघतात त्यांचे पास जास्त नीट जातात असं त्यातून दिसलं. मधी चारी बाजूनं माणसं असतात म्हणून ही सवय तिथं सोन्यासारखी. विंगवर एका बाजूला लाइन असते, तिकडं बघायला काही नसतंच, म्हणजे तिची सगळ्यात मोठी ताकद तिथं अर्धी वाया जाते.

तिसरी, डाव्या पायाचा मुद्दा. डावा पाय म्हणजे डावी विंग हे आपल्याकडं पाठ झालंय. डावा पाय मधल्या खेळाडूकडं असला तरी तेवढाच मौल्यवान, सगळ्या टीमा उजव्या पायाच्या खेळाची सवय करून आलेल्या असतात, हिचा बॉल दुसऱ्याच बाजूनं उघडतो. डाव्या पायाचा स्टॉपर तर आख्ख्या जगात सगळे शोधत असतात.

गॅलरी दादांच्या ऑन्रीच्या उदाहरणाबद्दल. इटलीच्या पिर्लोचं बरोबर उलटं झालं. तो पुढं, फॉरवर्डच्या मागं खेळायचा. २००१ ला लोनवर, म्हणजे उसना खेळाडू म्हणून, ब्रेशिया क्लबला गेला तर तिथं त्या जागेवर रोबेर्टो बाजो होता, म्हणून कोच मात्सोने यांनी त्याला पार मागं, बचावाच्या समोर नेऊन ठेवला. गोलापासून लांब. आणि तिथंच त्याला वेळ मिळाला, समोर सगळं ग्राउंड दिसायला लागलं, पुढं मिलानला कोच आन्चेलोत्तींनीही तिथंच खेळवला. तेव्हा गोलाच्या जवळ का लांब यानं काही ठरत नाही. त्या खेळाडूकडं जे आहे ते वापरायला कुठं मिळतंय यानं ठरतं. ऑन्रीकडं मोकळ्या जागेत पळायचा वेग होता, पिर्लोकडं नजर. तुमच्या पोरीकडं काय आहे?

शाहू_स्टेडियम_गॅलरी

सर मुद्दा पटला पण चाचणीचं काय? तिथं पिर्लो कोण ओळखणार?

पीटी_सर_कराड

दादा चाचणीची काळजी बरोबर आहे, ती उडवून लावायची नाही. पण चाचणी वर्षातनं एकदा आणि प्रॅक्टिस रोज. चाचणीला वीस मिनिटं फॉरवर्ड खेळायची तयारी वेगळी करून घेता येते, महिनाभर आधी सुरू करायची. रोजचं शिक्षण त्या वीस मिनिटांच्या हिशोबानं करू नये.

वारणाकाठ

मला हे सगळं फार ताणल्यासारखं वाटतंय. एक पोझिशन पक्की करा आणि तीन वर्षं तीच घासा. आज इथं उद्या तिथं केलं की पोरं धड ना इकडची धड ना तिकडची होतात. आमच्या गावात अशी दोन पोरं होती, सगळीकडं खेळायची, वरच्या टीमला गेल्यावर राखीव बाकावर बसून राहिली कारण कोचला कळेना की ही नक्की कशाची.

साताऱ्याची_स्टॉपर

मी शक्यतो लिहीत नाही, वाचते फक्त, पण इथं लिहावंसं वाटलं. मी साताऱ्याची, आता पुण्यात असते, शाळा कॉलेजला खेळले.

मला सहावीत स्टॉपर केलं कारण वर्गात सगळ्यात उंच मी. बास, एवढंच कारण. मुलींची उंची मुलांच्या आधी वाढते, साधारण अकरा बाराच्या आसपास झपाट्यानं, आणि मग हळूहळू थांबते. दहावीत येईपर्यंत बाकीच्या मुली माझ्याएवढ्या झाल्या, काही जणी पुढं गेल्या. आता मी उंचही नाही आणि चार वर्षं फक्त "लांब मार, बाहेर मार" एवढंच ऐकलेलं. पायात बॉल आला की हृदय धडधडायचं. कॉलेजला मधी खेळायची फार इच्छा होती पण वळायचं कसं हेच अंगात नव्हतं, कारण स्टॉपरला पाठीवर माणूस घेऊन बॉल घ्यायची वेळच येत नाही. म्हणून वारणाकाठ दादा, तुमचं म्हणणं समजतं पण १४ व्या वर्षी एकच जागा घासायला लावली तर त्या जागेचं जेवढं कौशल्य तेवढंच येतं, आणि पुढं ती जागा गेली की हातात काही उरत नाही.

उलट बाजूचं एक उदाहरण देते, मुलींचंच, कारण आतापर्यंत सगळी पुरुषांचीच आली. इंग्लंडची रेचल डेली. २०२२ ची युरो स्पर्धा इंग्लंडनं जिंकली तेव्हा ती लेफ्ट बॅक होती, म्हणजे बचावात डावीकडं. क्लबला मात्र फॉरवर्ड. पुढच्याच २०२२-२३ च्या सीझनला अॅस्टन व्हिलाकडून तिनं लीगमध्ये २२ गोल मारून गोल्डन बूट घेतला. एकाच वर्षाच्या आत युरोप जिंकणारी लेफ्ट बॅक आणि लीगची टॉप स्कोअरर, एकच बाई. दोन जागा येणं म्हणजे बाकावर बसणं असं नसतं, दोन्ही जागा नीट शिकवलेल्या पाहिजेत, नुसतं आज ह्या भोकात उद्या त्या भोकात टीमची गरज म्हणून ठिगळ लावत फिरवलं तर मात्र दादा म्हणतात तसं होतं.

कृष्णाकाठ सर, अजून एक. "सर कुठं पण चालतंय" हे उत्तर धरू नका. ग्राउंडवर वीस पोरांच्यात एकटी मुलगी असेल तर ती असंच म्हणणार, तिला खेळायला मिळतंय हेच जपायचं असतं, जागा मागितली तर उद्या टीममध्ये घेतील का ही भीती असते. मी पण असंच म्हणायचे. प्रश्न बदलून विचारा. मॅच संपल्यावर विचारा की आज कुठल्या वेळी सगळ्यात मजा आली, कुठल्या वेळी बॉल नको वाटला. आणि एकटीला विचारा, किंवा आईच्या समोर, मित्रांच्या घोळक्यात नको.

आणि कृपा करून वॉर्मअप. मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटची इजा मुलांपेक्षा जास्त होते, विशेषतः वळताना आणि उडी मारून खाली येताना, आणि हिचा सगळा खेळच वळण्यावर आहे. फिफाचा ११ प्लस म्हणून वॉर्मअप आहे, साधारण वीस मिनिटांचा, सामान काही लागत नाही, नेटवर व्हिडिओ आहेत. एका पायावर उभं राहणं, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम असं सगळं त्यात येतं. पोझिशन कुठलीही द्या, हे आधी सुरू करा.

कृष्णाकाठ_सांगली

ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आईसमोर विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वॉर्मअप सोमवारपासून सगळ्याच पोरांना सुरू करतो.

सर, आता एक विचारतो, मधी म्हणजे मधी नक्की कुठं? बचावाच्या समोर का फॉरवर्डच्या मागं? आणि हे तपासायचं कसं, मॅची तर फारशा मिळत नाहीत आपल्याकडं.

पीटी_सर_कराड

मॅची कशाला लागतात सर, अर्धं ग्राउंड आणि चौदा पोरं असली तरी पुरे. सातास सात खेळवा, त्यांच्यात मोठी पोरं घ्या म्हणजे तिला जड जाईल. तीन डाव करा, प्रत्येक डाव दहा बारा मिनिटांचा. पहिल्यात ती सगळ्यात मागं, बॉल तिच्याकडूनच सुरू होणार. दुसऱ्यात बरोबर मधी. तिसऱ्यात फॉरवर्डच्या मागं. एका पोराला वही घेऊन बसवा आणि गोल सोडून तीनच गोष्टी लिहायला लावा. बॉल घेतल्यावर ती पुढच्या दिशेला वळली का नाही, तिच्याकडून बॉल गेला का, आणि तिनं बॉल मागितला किती वेळा. हात वर करून, ओरडून, पळून, कसाही. आठ पंधरा दिवस वेगवेगळ्या पोरांबरोबर हेच करत राहा, एका दिवसावर जाऊ नका, कधी पोट दुखत असतं, कधी युनिट टेस्ट असते.

मागणं हा आकडा माझ्या मते सगळ्यात खरा. खेळाडू जिथं सुरक्षित वाटतं तिथं मागतो आणि जिथं भीती वाटते तिथं कुणाच्या तरी मागं लपतो, तोंडानं काहीही सांगूदे.

एकच सांभाळा. मागच्या जागेवर ती सगळ्यात कमी बॉल घालवेल, कारण समोर सगळं दिसतं आणि पाठीवर कुणी नसतं. म्हणून लगेच तीच जागा देऊ नका. चौदाव्या वर्षी थोडा बॉल गेला पाहिजे. फॉरवर्डच्या मागं दहातले चार गेले आणि सहा वेळा ती वळून गोलाकडं निघाली तर मी तिला तिथंच ठेवीन आणि चार गेलेल्याबद्दल एक शब्द बोलणार नाही.

जर्मनीचा कॅप्टन लाम, त्याचं माहीत असेलच. २०१४ च्या वर्ल्ड कपला तो सुरुवातीच्या मॅचला मधी खेळला आणि क्वार्टर फायनलला फ्रान्सविरुद्ध परत राइट बॅकला गेला, जर्मनी कप घेऊन आली. हे तीस वर्षांच्या, सगळं शिकून झालेल्या कॅप्टनला जमतं. तोवर तिला पाया घालूद्या.

वारणाकाठ

सर, ठीक आहे, सोळाव्या सतराव्या वर्षी तरी पक्कं करणार ना?

पीटी_सर_कराड

हो दादा, तेव्हा एक मुख्य आणि एक जोडीची. त्यात तुमच्याशी माझं भांडण नाही. माझं म्हणणं आताच्या दोन वर्षांपुरतं आहे.

कृष्णाकाठ_सांगली

मंडळी, पाऊस सुरू व्हायच्या आधी सांगतो म्हटलं काय झालं ते. वही घेऊन बसवायला आमचाच एक गोली सापडला, बोटाला लागलंय म्हणून तो खेळत नव्हता, त्यानं फार मनापासून लिहिलं.

मागं खेळताना सरांनी सांगितलं तसंच, बॉल जवळजवळ गेलाच नाही पण मागणं पण कमी, बॉल येईल तेव्हा घेते, देते, शांत. फॉरवर्डच्या मागं टाकली की बॉल जातो पण मागणं थांबतच नाही, सतत हात वर, सतत "दे, दे". आणि एक गोष्ट वहीत नव्हती पण गोलीनं स्वतःहून खाली लिहिली होती, की तिथं खेळताना ती उजवीकडं सरकते. मी पुढच्या वेळी मुद्दाम बघितलं तर खरंच, मधल्या जागेतनं जरा उजवीकडं जाते म्हणजे आत वळल्यावर डावा पाय गोलाकडं उघडतो. आम्ही इतके दिवस तिला डावीकडंच ढकलत होतो.

तिला आईसमोर विचारलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली विंगवर आवडत नाही कारण तिथं बॉल कधी येणार ते दुसऱ्यांच्या हातात असतं.

शाळेतल्या सरांशी बोललो, वही दाखवली. असं ठरलंय की जिल्ह्याच्या मॅचला शाळेला गोल पाहिजेत म्हणून त्यांनी फॉरवर्ड खेळवली तरी चालेल, पण विभागाला गेलो तर फॉरवर्डच्या मागं, उजवीकडं सरकायची मोकळीक देऊन. क्लबला आम्ही तिथंच खेळवणार, आठवड्यातनं एकदा मागच्या जागेवर. मित्राला अजून विंगच वाटते पण तोही म्हणाला की वर्षभर बघू.

आता उजव्या पायाचं काय करू सांगा, समोरच्यांना एकदा कळलं की हिला उजवीकडं वळवली की संपलं, की विभागाला पहिल्या दहा मिनिटांत बंद करतील.

शाहू_स्टेडियम_गॅलरी

भावा रोज भिंत. पंधरा मिनिटं फक्त उजवा पाय, आधी जवळनं आणि जमिनीलगत, जमलं की चार पावलं मागं, आणि बॉल परत येतो तेवढ्यात तिला मागं बघायला लाव, तू बोटं दाखव किती ते तिनं मोठ्यानं सांगायचं. आमच्या पेठेत सगळी पोरं भिंतीवरच शिकल्यात. आणि विभागाची मॅच कोल्हापुरात लागली तर इथं सांग, मी येतो बघायला.